बागेच्या खालच्या टोकाला

"तू ओळखशील ना त्याला?"

बागेच्या फाटकातून आत पाऊल टाकता टाकता चौगुले अण्णांनी मला विचारलं. दोन दिवसांत हा प्रश्न त्यांनी चौथ्यांदा विचारला होता.

"बघू या," मी म्हणालो. "अडीच महिने झाले, अण्णा. त्यात त्या दिवशीची ती गडबड."

"कपाळावर खोक आहे म्हणाला होतास. होडीचं टोक पिवळं. दोन्ही जुळतंय. तू फक्त समोर उभं राहून 'हाच तो' म्हणायचं. बाकीचं मी बोलतो."

मी मान हलवली. दुपारचे साडेचार वाजले होते. दसरा होऊन गेला होता आणि आश्विनातलं ऊन डोक्यावर भाजत होतं. अण्णांनी छत्री आणली होती, पण ती उघडली नव्हती. काठीसारखी टेकत ते चालत होते.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. तेव्हा मी सांगलीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत साहाय्यक होतो. नदीपासून दोन गल्ल्या आत आमची इमारत. तळमजल्यावर कुणाची तरी गोदामं, पहिल्या मजल्यावर चौगुले आणि त्यांच्यावर आम्ही: मी, शैला, नऊ वर्षांची ऋचा आणि माझी आई. अण्णा एसटीत कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी पद्माकाकूंना चार वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. उजवं अंग गेलं, त्याच्याबरोबर वाचाही गेली. तेव्हापासून अण्णांनी त्यांना लहान लेकरासारखं सांभाळलं. त्या वर्षीच्या पुरात काकू गेल्या. अण्णा तेव्हा हुबळीला होते, मुलीच्या, त्रिशलाच्या, बाळंतपणासाठी. रस्ते बंद झाले आणि ते तिकडेच अडकले.

पूर ओसरल्यावर त्रिशलानं त्यांना हुबळीला चला म्हणून परोपरीनं विनवलं. ते गेले नाहीत. "एक काम राहिलंय," एवढंच म्हणायचे. ते काम म्हणजे होडीवाल्याला शोधणं. रोज सकाळी ते घराबाहेर पडायचे. या घाटावरून त्या घाटावर जाऊन विचारायचे, कपाळावर खोक असलेला, पिवळ्या टोकाच्या होडीचा माणूस कोण. शेवटी परवा त्यांना कुणीतरी सांगितलं, तो तातोबा. पलीकडच्या गावचा आहे. संध्याकाळी बागेच्या खालच्या टोकाला, पायऱ्यांशी होडी लावतो.

"शैला येणार होती ना?" अण्णांनी विचारलं.

"नाही. तिचं डोकं दुखतंय."

शैलाचं डोकं दुखत नव्हतं. निघताना ती दारात उभी राहून म्हणाली होती, "जाऊ नका." मी म्हणालो, "न जाऊन कसं चालेल? काय सांगू त्यांना?" त्यावर ती आत निघून गेली होती.

बाग ओळखू येत नव्हती. हिरवळ होती तिथं वाळून भेगा पडलेला गाळ होता आणि भेगांमधून कुठे कुठे गवत फुटलं होतं. लहान मुलांच्या झुकझुक गाडीचे दोन डबे कुंपणावर आडवे पडलेले. झाडांच्या फांद्यांना माणसाच्या दुप्पट उंचीवर प्लास्टिकच्या पिशव्या आणि चिंध्या लोंबत होत्या. पाणी किती चढलं होतं ते त्यांवरून कळत होतं. एक माळी कुदळीनं वाफे खणत होता. वाऱ्याची झुळूक आली की गाळाची बारीक धूळ उडायची आणि दाताखाली कचकचायची.

वाटेत बुचाची तीन झाडं होती. त्यांना मात्र काही झालं नव्हतं. खाली पांढऱ्या फुलांचा सडा पडला होता आणि त्या सगळ्या कुजट वासात तो एक गोड वास घुसला होता. अण्णा थांबले.

"इथं बसायची ती," ते म्हणाले. "मी चाकांची खुर्ची ढकलत आणायचो. ही फुलं गोळा करून तिच्या ओटीत टाकायची. डाव्या हातानं ती त्यांच्या दांड्या एकमेकींत गुंफत बसायची. अर्धी वेणी व्हायची तोवर दिवस कलायचा. मग घाईघाईनं घरी जायचं. दिवस मावळल्यावर आम्हा जैनांत जेवत नाहीत, तुला माहीतच आहे."

"अण्णा, ऊन फार आहे. आज परत जाऊ या का? उद्या सकाळी येऊ."

"उद्या तो भेटला नाही तर?"

"भेटून तरी काय करणार? काकू काही..."

"मला त्याला काही करायचं नाही, मुकुंद." ते बाकावर बसले. बाकाच्या फळ्यांवर अजून चिखल होता, तो त्यांनी हातानं पुसलासुद्धा नाही. "पोलिसांत नाही जायचं, काही नाही. एवढंच विचारायचंय, बाबा, तुला सांगितलं होतं, मग तू का गेला नाहीस? त्यानं एकदा तोंडानं सांगावं. काय झालं ते मला कळावं. कळलं नाही तर मला जेवण जात नाही. भाताचा घास घेतला की वाटतं, तिनं त्या दिवशी काय खाल्लं असेल."

"सकाळी शैलानं त्यांना पेज भरवली होती. सांगितलं होतं ना मी."

"सांगितलंस." त्यांनी छत्री गुडघ्यांमध्ये धरली. मग म्हणाले, "पुन्हा एकदा सांग. होडी आल्यावर तू त्याला नेमकं काय म्हणालास?"

"अण्णा, किती वेळा..."

"शब्द सांग. जसे बोललास तसे."

मी फुलांकडे बघत बोललो, "म्हणालो, पहिल्या मजल्यावर एक आजारी बाई आहेत. त्यांना चालता येत नाही. आम्हाला सोडून ताबडतोब परत या आणि त्यांना घेऊन जा."

"आणि तो काय म्हणाला?"

"हो म्हणाला."

"तोंडानं हो म्हणाला?"

"हो."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "मागं तू म्हणाला होतास, त्यानं मान हलवली."

मी पायाजवळचं एक फूल उचललं. "मान हलवली आणि हो म्हणाला. दोन्ही."

"बरं," अण्णा म्हणाले. त्यांच्या मनात संशय नव्हता. आयुष्यभर त्यांनी गाड्यांच्या वेळा लिहिल्या होत्या. एखाद्या गोष्टीतलं एक मिनिट चुकलेलं त्यांना खपायचं नाही, एवढंच. छत्री टेकून ते उठले. "चल. तो निघून जाईल."

पुढचा रस्ता उताराचा होता. फरशा उखडलेल्या होत्या, म्हणून मी त्यांचा दंड धरला. दंड इतका बारीक झाला होता की माझी बोटं जवळजवळ एकमेकांना टेकली. झाडांच्या पलीकडे नदी दिसू लागली. पाणी कुठल्या कुठे खाली गेलं होतं. हिरवट, शांत, काठाला शेवाळ धरलेलं. असल्या नदीनं आमच्या जिन्यावर चढून यावं हे बघून खरंसुद्धा वाटलं नसतं.

पायऱ्यांशी पिवळ्या टोकाची होडी लागली होती. एक बुटका, रुंद खांद्यांचा माणूस तळात साचलेलं पाणी डब्यानं उपसत होता. आम्ही वरच्या पायरीवर उभे राहिलो तसं त्यानं वर पाहिलं. कपाळावर भुवईपासून केसांपर्यंत जुनी खोक होती.

"हाच का?" अण्णांनी हळूच विचारलं.

"हो," मी म्हणालो.

"तातोबा तूच का रे?"

"व्हय," तो म्हणाला आणि डबा खाली ठेवून वर आला. "पलीकडं जायचंय का?"

"नाही. मी चौगुले. पुरात आमच्या गल्लीतल्या निळ्या जिन्याच्या इमारतीतून तू माणसं काढलीस. आठवतंय?"

"काढली असतील अण्णा. तीन दिवस पाण्यातच हुतो. कुठली गल्ली अन् कुठलं घर, समदं एकच दिसत हुतं."

"हा मुकुंद. कॉलेजात असतो, माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. याला, याच्या आईला, बायकोला आणि मुलीला तू नेलंस. निघताना यानं तुला सांगितलं होतं, पहिल्या मजल्यावर माझी बायको आहे. अर्धांगाची. परत येऊन तिला घेऊन जा." अण्णांचा आवाज इथपर्यंत नीट होता. "तू आला नाहीस. रात्री पाणी चढलं. चार दिवसांनी ती सापडली."

तातोबानं ओले हात धोतराला पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

आता जे सांगतो आहे ते त्या दिवशीपर्यंत शैला आणि मी, आम्हा दोघांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं.

होडी आली तेव्हा पाणी तळमजल्याच्या छताला लागलं होतं. आम्ही वरून खाली उतरलो. काकूंचं दार उघडंच होतं. त्यांना सांभाळणारी बाई आदल्या दिवशी घरी गेली होती आणि पूल बंद झाल्यानं येऊ शकली नव्हती. अण्णांचा हुबळीहून फोन आला होता, "मुकुंद, तिला तुझ्या हवाली केलंय." मी म्हणालो होतो, "काळजी करू नका. होडी आली की आधी काकू." मी तसं काकूंनाही सांगितलं होतं. म्हणून सकाळीच शैलानं त्यांचे केस विंचरले, चांगलं पातळ नेसवलं. काकू पलंगावर उशीला टेकून मांडीवर पिशवी घेऊन तयार बसल्या होत्या. आम्हाला दारातून जाताना पाहून त्या अर्ध्या तोंडानं हसल्या. त्यांना वाटलं, मी आता कुणाला तरी हाताशी घेऊन त्यांना उचलायला येणार. मलाही तसंच वाटत होतं.

जिन्याच्या वळणावर होडी कठड्याला बांधलेली होती. तिच्यात आधीचीच सहा-सात माणसं होती. तातोबानं आम्हाला पाहून सांगितलं, "चौघं बसतील. पाचवं न्हाई. आणि वर कोण म्हातारं, आजारी असलं तर ते आधी. धडधाकट गडी मागनं. पुढची फेरी कवा हुईल, सांगता यायचं न्हाई."

आम्ही चौघं होतो. आई, शैला, ऋचा आणि मी. त्यातला धडधाकट गडी मी एकटाच.

त्यानं विचारलं, "हाय का अजून कोण?"

जिन्याच्या पायऱ्या एकेक करून पाण्याखाली जाताना मी सकाळपासून मोजल्या होत्या. ऋचा रडत होती. मी म्हणालो, "कोणी नाही."

शैलानं ऐकलं. ऋचाचं तोंड तिनं स्वतःच्या पोटाशी दाबून धरलं होतं. ती पाण्याकडे बघत राहिली. आईला कमी ऐकू यायचं. होडी सुटली.

आम्हाला एका शाळेत उतरवलं. तिथं कुणाला तरी सांगायचं, असं मी वाटेत ठरवलं होतं. नावं लिहून घेणारी एक मुलगी टेबलाशी बसली होती. मी तिच्यासमोर उभाही राहिलो. मग वाटलं, ही विचारेल, आधी का नाही सांगितलं? मी आमच्या चौघांची नावं सांगितली आणि बाजूला झालो. तासाभरानं कळलं, पाण्याची ओढ वाढल्यामुळे होड्या थांबवल्यात. काकूंना आदल्या दिवशी आम्ही दोघांनी ओढत-उचलत वरच्या मजल्यावर आमच्या घरी नेलं असतं, तरी त्या वाचल्या असत्या. पाणी दुसऱ्या मजल्यापर्यंत आलंच नाही. हे मला नंतर कळलं.

अण्णांना सांगायची गोष्ट मी शाळेतल्या त्या चार दिवसांत तयार केली. ती पटावी म्हणून तिच्यात खरा माणूस घातला. त्याची खोक घातली, होडीचं पिवळं टोक घातलं. इतक्या मोठ्या शहरात, एवढ्या गोंधळात, हा म्हातारा त्या माणसाला हुडकून काढेल असं मला वाटलं नव्हतं.

"सर," तातोबानं मला विचारलं, "तुमी सांगितलं हुतं मला?"

त्यात राग नव्हता. तो खरोखरच विचारत होता. मी नाही म्हटलं असतं तर तिथंच सगळं संपलं असतं. अण्णा माझ्या उजव्या हाताला उभे होते, छत्रीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून.

"हो," मी म्हणालो. "सांगितलं होतं."

तातोबा माझ्याकडे बघतच राहिला. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी पाण्यात घालत होतं, त्यांचं ओरडणं ऐकू येत होतं. मग तो अण्णांकडे वळला.

"मग माझ्याकडनंच ऱ्हायलं, अण्णा," तो म्हणाला. "सरांनी सांगितलं असंल. माझ्या ध्यानातनं गेलं."

"ध्यानातून गेलं?"

"व्हय."

"माणूस ध्यानातून गेलं?"

"व्हय, अण्णा."

अण्णांनी छत्री टाकली आणि त्याच्या मुस्काटात मारली. त्या हातात जोर नव्हता. मारता मारता त्यांचाच तोल गेला आणि ते पायरीवरून पुढे कलले. तातोबानं त्यांना दोन्ही दंडांना धरून सावरलं आणि तसंच धरून खाली बसवलं. अण्णा रडू लागले. काकूंचा देह ताब्यात घेतला तेव्हा ते रडले नव्हते, चितेपाशी रडले नव्हते. आता मात्र तोंड वासून, लाळ गळेपर्यंत रडले.

"तिला हाक मारता येत नव्हती रे," ते त्याला सांगत होते. "दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली असती. होड्या जात होत्या, येत होत्या. तिला ओरडता येत नव्हतं."

तातोबा त्यांच्या पायाशी बसून राहिला. एकदाही त्यानं मला काही विचारलं नाही. मी छत्री उचलली. तिची मूठ धरून मी वरच्या पायरीवर उभा होतो.

बऱ्याच वेळानं अण्णांनी डोळे पुसले. आकाशाकडे पाहिलं आणि म्हणाले, "दिवस मावळायला आला. जेवायला हवं."

परतताना ते माझ्या आधाराशिवाय चालले. बुचाच्या झाडांपाशीही थांबले नाहीत. त्या संध्याकाळी अडीच महिन्यांत पहिल्यांदा खालून भांड्यांचा आवाज आला.

शैलानं विचारलं, "काय झालं?"

"तो म्हणाला, विसरलो."

"कोण विसरलं?"

"होडीवाला."

ती पोळी लाटत होती. लाटणं थांबलं. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

मी पाण्याचा तांब्या उचलला. तिनं ती अर्धी लाटलेली पोळी गोळा करून पुन्हा पिठात टाकली आणि गॅस बंद केला. त्यानंतर आम्ही या विषयावर बोललो नाही. दुसऱ्याही फारशा विषयांवर बोललो नाही. शैला रोज अण्णांना डबा देऊन यायची, दाराशी ठेवून लगेच वर. मी तर खाली थांबायचोच नाही. कॉलेजला जाताना त्यांच्या दारासमोरच्या चार पायऱ्या मी एका दमात उतरायचो. "मुकुंद का रे?" अशी आतून हाक आली तर "घाईत आहे अण्णा" म्हणायचो. पुढे पुढे हाक येईनाशी झाली.

त्रिशला मधूनमधून यायची. दिवाळी झाल्यावर एक दिवस जिन्यात दुसऱ्याच पावलांचा आवाज आला. जड, अनवाणी. वरून वाकून पाहिलं तर तातोबा. हातात भाजीची पिशवी. त्यानं अण्णांचं दार वाजवलं. मला वाटलं, अण्णा त्याला हाकलून देतील. दार उघडलं, थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि मग तो आत गेला.

त्यानंतर तो सहा वर्षं येत राहिला. आठवड्यातून दोनदा, पुढे पुढे रोज. अण्णांना दवाखान्यात न्यायचा. त्यांची नखं काढायचा. पावसाळ्यात नदी वाढू लागली की आदल्या दिवशीच येऊन त्यांना आपल्या गावी घेऊन जायचा आणि पाणी उतरलं की आणून सोडायचा. अण्णा शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांचं सगळं त्यानंच केलं. खालून त्या दोघांचं बोलणं ऐकू यायचं. कधी कधी अण्णांचं हसणंसुद्धा. मी खुर्ची ओढून खिडकीपासून लांब बसायचो.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी अण्णा गेले. त्रिशला हुबळीहून निघाली होती, दुपारपर्यंत पोचणार होती. मंदिरातले दोघं-तिघं येऊन बसले होते. मी खाली उतरलो. टाळता येण्यासारखं नव्हतं. तातोबा बाहेर जिन्यात बसला होता. मी त्याच्या शेजारच्या पायरीवर टेकलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "तातोबा, फार केलंत तुम्ही अण्णांचं."

"करायला दुसरं कोण हुतं?" तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "सर, एक सांगू?"

"सांगा."

"मला त्या दिवशीचं कायबी आठवत न्हाई. तवाबी आठवत नव्हतं, अजूनबी न्हाई. पन एक गोष्ट मला पक्की ठावं हाय. दर घरी मी इचारायचो, आजारी कोण हाय का. हाय म्हनलं की त्याच फेरीला काढायचो. गडी उतरवून काढायचो. मागनं येतो म्हनून आजारी माणूस मी ठेवलंच न्हाई कुठं. तुमी हाय म्हनला असता तर तुमाला उतरवलं असतं."

आतून कुणीतरी मंत्र म्हणत होतं, त्याचा एकसारखा आवाज येत होता.

"म्हणजे तुम्हाला बागेतच कळलं होतं?"

"व्हय."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? म्हातारं माझ्यावर रागावलं, एक ठेवून दिली, घरी जाऊन जेवलं. तुमच्यावर रागावून कुठं गेलं असतं ते? वर तुमी ऱ्हाता. दिवसभर डोक्यावर तुमची पावलं." त्यानं वरच्या मजल्याकडे बोट केलं. "म्हनलं, ह्यांच्या मनाला लागलं असंल. आता हे बघतील म्हाताऱ्याकडं. दिवाळीपातूर वाट बघितली मी. तुमी खाली आला न्हाईसा. मग मी आलो."

मी त्याच्याकडे बघू शकलो नाही. "अण्णांना कधी सांगितलंत का?"

"न्हाई," तो म्हणाला आणि उठून आत गेला.

त्रिशला आली. रडून झाल्यावर तिनं माझे हात धरले आणि म्हणाली, "मुकुंदकाका, तुम्ही वर होतात म्हणून मला तिकडे झोप लागायची." तातोबा तिच्या मागंच उभा होता. त्यानं तोंड उघडलं नाही.

तिरडी उचलायच्या वेळी त्यानंच मला हाक मारली. "सर, या. ही बाजू धरा." पुढं तो आणि मी. तो माझ्या खांद्याइतकाच उंच. त्यामुळे जिना उतरून रस्त्याला लागलो तशी तिरडी त्याच्या बाजूला कलू लागली आणि सगळा भार त्याच्यावर गेला. मी गुडघ्यात वाकून चालायचा प्रयत्न केला. चार पावलं तशी टाकली असतील.

"असू द्या, सर," तो समोर बघतच म्हणाला. "सरळ चाला."